उणे अडतीस हजार

१९ जानेवारी

भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, घर जागेवर आहे, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर माझी दातखीळ बसते. मग तू एकटीच बोलत राहतेस आणि शेवटी "बरं, ठेवते" म्हणतेस. कवळ्या करून पोट भरणाऱ्या माणसाची दातखीळ बसावी, यावर तू पूर्वी पोटभर हसून झालेली आहेस, तेव्हा पुन्हा नको.

विषय असा की बँकेचं पत्र आलंय. माझ्या क्रेडिट कार्डावर अडतीस हजार जादा जमा आहेत. म्हणजे मी बँकेचं काही लागत नाही, बँकच माझं लागते. बिलावर हा आकडा उणे चिन्ह लावून छापतात. बँकेचं म्हणणं, एवढी जादा रक्कम कार्डावर पडून राहू देता येत नाही, शिवाय दीड वर्षात मी कार्ड एकदाही वापरलेलं नाही. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत खाते क्रमांक कळवा, पैसे परत देतो आणि कार्ड बंद करतो.

तू म्हणशील, मग कळव की, त्यासाठी पत्र कशाला? तर ते पैसे माझे नाहीत. मुंगीचे आहेत.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. मुंगी घर सोडून गेली तेव्हा तिच्याकडे माझ्या कार्डाचं जोडकार्ड होतं. गेली त्या आठवड्यात तिने त्यावर अठ्ठेचाळीस हजार खर्च केले. तिकीट, कुठल्याशा खोलीचं आगाऊ भाडं, गादी, शेगडी, बादली. बिलात बादलीसुद्धा होती. मी ते बिल भरून टाकलं. पुढच्या महिन्यात एक तारखेला कार्डावर दोन हजार जमा झाले आणि पुढे तिचं नाव. पूर्ण नाव, मधे माझं. चिठ्ठी नाही, फोन नाही. मग दर महिन्याच्या एक तारखेला तेच. मी समजलो, पोरगी देणं फेडते आहे. कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, हा तिचा स्वभाव लहानपणापासूनचा. तेव्हा मी प्लास्टर, मेण वगैरे त्याच कार्डावर घेत होतो, त्यात तिचे पैसे वळते होऊन जायचे.

चोवीस महिन्यांनी अठ्ठेचाळीस हजार पुरे झाले. आता थांबणार, असं मी धरून चाललो होतो. पंचविसाव्या महिन्याच्या एक तारखेला दोन हजार आले, नाव आलं.

भिंगरी, देणं फिटल्यावरही माणूस पाठवत राहतं, ते कशासाठी? मी त्या दिवसापासून कार्ड वापरायचं सोडलं. तिचे पैसे प्लास्टरात घालवायचे नव्हते. एकोणीस महिने झाले. गेल्या नोव्हेंबरात एक तारखेला आले नाहीत, तीनला आले. मधले दोन दिवस मी एकही साचा धड ओतला नाही. बँकेला सुट्टी होती, दुसरं काही नाही.

आता कार्ड बंद झालं की हेही बंद. तिच्याकडून माझ्यापर्यंत येणारी एवढीच एक गोष्ट उरली आहे. ती कशी टिकवायची ते सुचव. अशा बाबतीत तुझं डोकं चालतं. आणि मुंगीबद्दल कुठून काही कानावर आलं असेल तर कळव. दर वेळी विचारतो, दर वेळी तू नाही म्हणतेस, तरी विचारतो.

लॉन्ड्री कशी चाललीय? गुडघा?

दादा


२७ जानेवारी

दादा,

तुझं पाकीट आलं तेव्हा मी काउंटरवर एका गृहस्थांना त्यांच्या कोटावरचा शाईचा डाग दाखवून सांगत होते की हा काही निघायचा नाही. पाकीट फोडलं, वाचलं आणि त्यांना म्हटलं, निघेल, शुक्रवारी या. आता शुक्रवारी ते माझ्या नावाने शंख करणार आणि मी तुझ्या.

धन्य आहे तुझी. साडेतीन वर्षं एवढी गोष्ट पोटात ठेवून बसलास? मला वाटायचं, आपला दादा म्हणजे उघडं पुस्तक, पानं तेवढी कोरी. आणि बघावं तर बिलांचा गठ्ठा करून त्यात पोरीचं नाव वाचत बसलायस. वहिनी असती तर तुला कानाला धरून बँकेत घेऊन गेली असती.

मी सरळ सांगते. खाते क्रमांक कळव, पैसे घे, कार्ड बंद होऊ दे. बँकेशी हुज्जत घालू नकोस. हत्तीशी कुस्ती खेळायचं आपलं वय नाही. तुझ्या मनात जे आलंय ते मला कळतं रे, कळत नाही असं नाही. पण पोरगी काय मनात धरून पाठवते हे आपल्याला कुठे ठाऊक आहे? तू आपलं एकावर एक मजले चढवत जायचं आणि मग खाली कोणी शिडी काढून घेतली की बसायचं वर. तुझ्याने ते सोसणार नाही. दोन हजार म्हणजे तिलाही काही थोडे नाहीत. खोलीचं भाडं वाढलंय, त्यात दर महिन्याला एवढे जायचे म्हणजे पोरीने खायचं काय? थांबलं तर तिचंही बरंच होईल.

मुंगीबद्दल मला काही कळलेलं नाही. कळलं तर पहिलं तुलाच सांगेन.

गुडघा माझ्यावर रुसलेला आहे. लॉन्ड्री बरी चाललीय. लोकांच्या खिशात काय काय राहतं यावर मी एक दिवस पुस्तक लिहिणार आहे. काल एकाच्या शर्टाच्या खिशात दात निघाला. एकच. तुझी आठवण झाली.

जेवत जा वेळेवर.

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरी,

परवा एक तारखेला पुन्हा दोन हजार आले. आता उणे चाळीस हजार.

काल बँकेत जाऊन आलो. काउंटरवरची मुलगी तरुण होती, वरचे दोन दात किंचित आत वळलेले, बाकी जबडा उत्तम. तिला म्हटलं, हे पैसे आहेत तसेच राहू द्या आणि कार्डही राहू द्या. ती म्हणाली, "काका, इथे लोक येतात ते देणं कमी करा म्हणून. तुमचं तर येणं आहे."

"हो."

"मग घ्या की."

"घ्यायचं नाही. ते माझ्या मुलीचे आहेत."

"मग मुलीला देऊन टाका, सोपं आहे." तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नाहीतर असं करा काका, कार्डावर चाळीस हजारांची खरेदी करा. शून्यावर आलं, वापर दिसला, की कोणी बंद करणार नाही."

म्हणजे तिचे पैसे खर्चले तर कार्ड राहणार आणि पैसे ठेवायचे म्हटलं तर कार्ड जाणार. मी म्हटलं, खर्चायचे नाहीत. रांगेत माझ्या मागे एक जण उभा होता, तो म्हणाला, "आमच्या कार्डावर टाका, आम्ही खर्चू." सगळे हसले. त्याच्या खालच्या कवळीचं माप चुकलेलं आहे, हसताना उचलली जाते. माझ्याकडची नव्हे.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा एका जागी थांबलो.

खोलीचं भाडं वाढलंय, हे तुला कसं कळलं?

दादा


१६ फेब्रुवारी

दादा,

चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा फाडलं. आता हे पाचवं. कसंही झालं तरी टाकणार आहे.

मुंगी इथेच आहे. पहिल्या दिवसापासून. तुझ्याकडून निघाली ती थेट माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली, पाठीवर एक पिशवी. चार दिवस माझ्याकडे राहिली. मग तिने खोली बघितली, दुकानापासून बसने पाच थांबे. एका लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घेते. कोणाची लिफ्ट बंद पडली की लोक जिच्यावर ओरडतात ना, ती. पगार बेताचा. दर रविवारी माझ्याकडे जेवते. तब्येत चांगली आहे. केस कापलेत. हे सगळं तुला साडेतीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, मला कळत होतं. पण चौथ्या दिवशी तिने माझा हात धरून सांगितलं, "आत्या, बाबांना कळलं तर मी इथूनही जाईन." आणि ती बोलते तसं करते हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुला सांगितलं असतं तर ती दोघांच्याही हातून गेली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दादा. मी चावायचं कोणाला? दर वेळी तू विचारायचास आणि मी "नाही रे" लिहायची, आणि पाकीट पेटीत टाकून आले की दिवसभर कोणाच्या शर्टाला कोणाचा बिल्ला लावायची. तुला किती खोटं बोलले त्याचा हिशोब मांडायला बसले तर तुझ्या बँकेचा आकडा लहान पडेल.

आता दुसरं. तेही सांगते, कारण अर्धं सांगून ठेवलं तर तू पुन्हा त्यावर मजला चढवशील.

मी रविवारी तिला विचारलं, बाबांना अजून पैसे का पाठवतेस? ती म्हणाली, "अजून? ते तर केव्हाच संपले असणार." मग दुसऱ्या दिवशी दोघी तिच्या बँकेत गेलो. हप्ते आपोआप जावेत म्हणून तिने भरलेला जुना फॉर्म तिथल्या माणसाने काढून दाखवला. हप्ता किती, या रकान्यात दोन हजार. असे हप्ते किती, या रकान्यात अठ्ठेचाळीस. लिहायचे होते चोवीस. डोक्यात अठ्ठेचाळीस हजार घोळत होते, हाताने तेच लिहिलं. वहिनीला जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता, दादा. तिचं चित्त कुठे थाऱ्यावर होतं? पगाराच्या दिवशीच पैसे जातात, हातात उरेल तोच पगार असं ती धरून चालते. मला म्हणाली, "मी तिकडे कधी बघितलंच नाही. फेडायचं आणि विसरायचं, असंच ठरवलं होतं."

तर असं आहे. पोरगी तुझी आठवण काढून पाठवत नव्हती. मला इथेही खोटं बोलता आलं असतं, सवय झाली आहे. पण तू कार्ड वाचवायला निघाला होतास आणि ते मला बघवेना.

मी तुला सगळं कळवणार आहे हे तिला सांगितलं. गेल्या रविवारी ती जेवायला आली नाही.

तू काय ते मला बोल. पत्रात बोल, फोनवर बोल, इथे येऊन बोल, पण बोल.

भिंगरी


६ मार्च

दादा,

अठ्ठावीस तारीख होऊन गेली. तुझं पत्र नाही. तीन वेळा फोन केला, वाजून वाजून थांबला. शेवटी तुझ्या खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, वर पॉलिशचं चाक फिरल्याचा आवाज येतो रोज, म्हणजे आहेत. मी म्हटलं, हो, आमच्याकडे माणूस असल्याची तीच खूण आहे.

रागाव, शिव्या दे, पण असा गप्प बसू नकोस. मुंगी काल आली. जेवली. तुझा विषय मी काढला नाही आणि तिनेही नाही.

भिंगरी


१४ मार्च

भिंगरी,

मी आजारी नव्हतो. फोन ऐकू येत होता.

तुझं पत्र वाचल्यावर मला राग येईल असं वाटलं होतं. खुर्चीत बसून वाट बघितली. आला नाही. दुःख म्हणावं तर तेही आलं नाही. दात काढण्याआधी सुई देतात, मग आपलाच गाल बोटाने दाबला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीतरी झालं आहे आणि अजून आहे. तुझी वहिनी गेली तेव्हापासूनच असावं. कामात अडचण येत नाही, म्हणून लक्षात आलं नव्हतं.

तुझ्यावर माझा राग नाही. ती तुझ्याकडे आली, कुठे भलतीकडे गेली नाही. दर रविवारी कोणीतरी तिला वाढतं. हे वाचून बरं वाटायला हवं. वाटेल कधीतरी, तेव्हा कळवीन.

मी एकोणीस महिने एका चुकीच्या आकड्याची वाट बघत होतो. आता कळल्यावरही एक मार्चला सकाळी उठून बिल बघितलं. कार्ड तोवर बंद झालेलं होतं. सत्तावीसला मी बँकेत खाते क्रमांक देऊन आलो होतो. त्याच मुलीने विचारलं, "दिले का मुलीला?" मी म्हटलं, देतो. तिने कार्ड कापायला कात्री दिली. चार तुकडे केले.

सोबत चाळीस हजारांचा चेक आहे, मुंगीच्या नावाचा. तो तिला दे. तिचं पूर्ण नाव पुष्कळ दिवसांनी हाताने लिहिलं. पहिला चेक खराब झाला, हा दुसरा.

यापुढचं पान वेगळं आहे. ते काढून तिला दे. वाचलं नाही तरी चालेल. आणि तिचा पत्ता मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. तो तिने द्यायचा आहे.

दादा

[वेगळं पान]

मुंगी,

तुझी आई गेली त्या दिवशी दुपारी सगळे घरी जमले होते आणि मी वर्कशॉपमध्ये येऊन बसलो होतो. तू बोलवायला आलीस. मी म्हटलं, हे एवढं करून येतो. तू दारात बराच वेळ उभी होतीस आणि मग गेलीस. नवव्या दिवशी घर सोडलंस. जाताना म्हणालीस, तुम्हाला कवळीची काळजी जास्त आहे.

ती एका म्हाताऱ्या बाईंची खालची कवळी होती. आदल्या दिवशीच पूर्ण झाली होती. पॉलिशसुद्धा झालं होतं. करायचं काही शिल्लक नव्हतं. मी ती चाकाला लावली आणि घासत राहिलो. घासून घासून हिरडी कागदासारखी पातळ झाली आणि दोन तुकडे झाले, तरी मी एक तुकडा घासतच होतो. तू आलीस तेव्हा माझ्या हातात तो तुकडा होता. पाठमोरा होतो, म्हणून तुला दिसला नाही.

चाक थांबवलं असतं तर मला ओरडावं लागलं असतं. मला ते येत नाही. एवढं तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या बाईंना मी दुसरी कवळी करून दिली. उशीर का झाला, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

पैसे तुझे आहेत. बँकेने चुकून आले म्हणून परत केले आहेत, मी नाही.

बाबा


३० मार्च

दादा,

मिळालं. दोन्ही दिलं.

चेक आणि पान ती काउंटरजवळ उभी राहूनच बघत होती. वर कपडे लटकत होते, गिऱ्हाईक समोर. मी त्या बाईला तिच्या पडद्यांचे पैसे सांगायचे तर आकडा आठवेना. मुंगीने पान वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि पिशवीत ठेवलं. मी वाट बघत होते, आता रडेल, आता काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "आत्या, पडद्यांचे साडेतीनशे." आणि बसला उशीर होईल म्हणून गेली.

दादा, मी तुमच्या दोघांच्या मधे उभी राहून थकले आहे. मला ओरडता येतं, रडता येतं, हसता येतं, सगळं येतं. आपल्या घरात ते मला एकटीलाच मिळालं होतं की काय कोण जाणे. तुझं ते पान मी वाचलं. तू वाचू नकोस म्हणाला नव्हतास. वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मागे इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून वहिनीसाठी आणि तुझ्यासाठी रडले. कोणीतरी रडायला नको?

त्यानंतर दोन रविवार झाले. येते, जेवते, भांडी घासून जाते. सांगण्यासारखं काही नाही, तरी तू वाट बघत असशील म्हणून लिहिते. पत्ता तू विचारलास तरी सांगणार नाही. पण विचारू नकोस, माझा भरवसा नाही.

भिंगरी


२२ एप्रिल

बाबा,

चेक मी बँकेत भरला. नको म्हणून परत पाठवला असता तर बरं दिसलं असतं, पण मला पैशांची गरज होती. तीन महिन्यांचं वाढलेलं भाडं दिलं आणि चपला घेतल्या.

ते दोन हजार मी तुमच्या आठवणीने पाठवत नव्हते. आत्याने सांगितलंच आहे, तरी मी स्वतः सांगायला हवं असं वाटलं. ती माझी चूक होती. तुम्ही त्या पैशांना हात लावला नाहीत, कार्ड वापरायचं सोडलंत, हे कळलं तेव्हा मी कामावर होते. मला काहीच वाटलं नाही. पुढचा फोन घेतला.

त्या दिवशी मला फक्त तुमची पाठ दिसली आणि चाकाचा आवाज ऐकू आला. मी ठरवलं की या माणसाला काही झालेलंच नाही. साडेतीन वर्षं तेच धरून बसले होते. ते सोडायला सोपं जात नाहीये. आत्या म्हणते, आता तरी माफ कर. मला माफ करता येतं की नाही, ते मला माहीत नाही. ते आलं की कळवते असं, तुम्ही आत्याला लिहिलंत तसं, मी लिहीत नाही, कारण येईलच असं नाही.

पण एक सांगते. माझ्या कामात लोक बंद लिफ्टमधून फोन करतात. काही रडतात, काही शिव्या देतात. एकदा एक बाई लहान बाळासकट पाऊण तास अडकली होती. मी सगळ्यांना सारख्याच आवाजात विचारते, नाव काय, पत्ता काय, कितव्या मजल्यावर. आमचे साहेब म्हणतात, तुझ्यासारखं शांत डोकं कोणाचं नाही, कुठे शिकलीस? मी म्हणायची, अशीच आहे. आई गेल्यापासून मी एकदाही रडलेले नाही. आईसाठीसुद्धा नाही. मला वाटायचं की मी खंबीर आहे. तुमचं पान वाचल्यावर पहिल्यांदा शंका आली की मीही इतके दिवस तुकडाच घासत बसले आहे.

रागात एवढं लांब आले, आणि आले ती तुमच्यासारखीच होऊन बसले. आत्याला हे सांगितलं तर ती एवढी हसली की शेवटी तिला पाणी द्यावं लागलं. मग रडली. तिला दोन्ही येतं.

मी तिकडे येणार नाही. निदान इतक्यात नाही. तुम्हीही येऊ नका. फोन करू नका, आपण दोघंही फोनवर गप्प बसू आणि पैसे जातील. दर महिन्याला पैसे पाठवायचा बँकेला दिलेला तो हुकूम मी स्वतः जाऊन बंद करून आले आहे, त्यामुळे आता माझ्याकडून आपोआप असं काही येणार नाही.

हे पत्र मी मुद्दाम पाठवते आहे. लिहिणार असाल तर आत्याच्या हातून पाठवू नका. माझा पत्ता पाकिटाच्या मागे आहे.

मुंगी